मराठी मातृभाषकांचे इंग्रजी : नेहमीची अडखळण्याची ठिकाणे

स्मरणिकेत आठवणी असाव्यात, गौरवपर लेख असावेत, शुभेच्छा असाव्यात, अशी वाचकांची अपेक्षा असते. अशा अंकात व्याकरणावरील लेख काहीसा रुक्ष वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम घेतला. मुलाचे गणित कच्चे राहिले तर ते परीक्षेत कळते. इंग्रजी कच्चे राहिले तर ते पुष्कळदा फार उशिरा, मुलाखतीच्या खोलीत, विद्यापीठाच्या कार्यालयात किंवा वकिलासमोर कळते. आणि तेथे पुरवणी परीक्षेची सोय नसते. निवासी शाळेत येणाऱ्या आपल्या बहुसंख्य मुलांच्या घरी इंग्रजी बोलणारे कोणी नसते. जे इंग्रजी त्यांना मिळते ते वर्गात मिळते, आणि जे वर्गात राहून जाते ते घरी भरून निघत नाही.

इंग्रजी लिहिताना आपले विद्यार्थी ज्या चुका करतात त्या वरवर पाहता निष्काळजीपणाच्या वाटतात. त्या तशा नसतात. बहुतेक चुकांच्या मागे मराठीचे एखादे निर्दोष व्याकरण उभे असते. मुलगा मराठीत अगदी बरोबर विचार करतो आणि तोच साचा इंग्रजीवर बसवतो. म्हणून नियम पाठ करून घेण्यापेक्षा दोन भाषा नेमक्या कोठे वेगळ्या होतात हे दाखवणे अधिक उपयोगाचे, असे आमचे मत झाले आहे. रोमन लिपी वाचता न येणाऱ्या पालकांनाही हा लेख मुलांजवळ बसून वाचता यावा, म्हणून इंग्रजी वाक्ये आम्ही देवनागरीतच दिली आहेत.

उदाहरणांसाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथांचे एक कपाट असतेच. त्या ग्रंथांच्या नुसत्या कण्यांवर जी नावे छापलेली असतात, तीही इंग्रजी व्याकरणाचे उत्तम पाठ आहेत. बाबासाहेबांची मातृभाषा मराठीच होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतले धडे रामजी सुभेदारांनी त्यांच्याकडून घरी करवून घेतले होते, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे मराठीतून इंग्रजीत जाण्याची जी वाट आपली मुले चालतात, त्याच वाटेने तेही गेले होते.

प्रथम उपपदे घेऊ. ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’ हे तीन चिमुकले शब्द आपल्या विद्यार्थ्यांना जितके छळतात तितके दुसरे काहीही छळत नाही. कारण उघड आहे. मराठीत उपपद नाही, पालीतही नाही. परंतु उपपद जे काम करते ते काम मराठीत होत नाही असे मात्र नाही. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यात कोणते तरी पुस्तक आहे, दुसऱ्यात आपण ज्याच्याविषयी बोलत होतो ते. इंग्रजीत पहिले ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’ होईल आणि दुसरे ‘द बुक इज ऑन द टेबल’. मराठी जे शब्दक्रमाने सांगते ते इंग्रजी उपपदाने सांगते. मुलाचे वडील ‘आम्ही मुलगी पाहतो आहोत’ म्हणतात तेव्हा मुलगी अजून ठरलेली नसते. तेथे ‘अ गर्ल’. ‘आम्ही मुलीला पाहतो आहोत’ म्हणताच कोणती तरी विशिष्ट मुलगी समोर येते. तेथे ‘द गर्ल’. एवढा एक ‘ला’ हे सारे काम करतो. मुलांना हे एकदा मराठीतून दाखवले की उपपद त्यांना परके राहत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आता कपाटाकडे वळू. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधाचे नाव ‘कास्ट्स इन इंडिया’ असे सुरू होते. १९३६ च्या ग्रंथाचे नाव ‘अ‍ॅनाइहिलेशन ऑफ कास्ट’ आहे. पहिल्यात ‘कास्ट्स’ हे अनेकवचन, दुसऱ्यात ‘कास्ट’ हे एकवचन, आणि दोन्ही ठिकाणी उपपद नाही. पहिल्या नावात भारतातील जाती, म्हणजे मोजता येणारे निरनिराळे समूह अभिप्रेत आहेत. दुसऱ्यात जात ही संस्था, ही व्यवस्थाच अभिप्रेत आहे. ती मोजता येत नाही, म्हणून तिला ‘अ’ लागत नाही. ती अमुक एक जात नाही, म्हणून ‘द’ लागत नाही. ‘अ‍ॅनाइहिलेशन ऑफ अ कास्ट’ असे कोणी चुकून लिहिले तर कोणत्या तरी एका जातीचा नायनाट असा भलताच अर्थ होईल. उपपद चुकले तरी अर्थ समजतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. ‘फ्रीडम’, ‘इक्वॅलिटी’, ‘एज्युकेशन’ ही नामे याच वर्गातली. ‘द एज्युकेशन इज इम्पॉर्टंट’ असे निबंधात नेहमी दिसते. तेथे ‘द’ नको. ‘इन्फर्मेशन’, ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘फर्निचर’ यांचीही अनेकवचने होत नाहीत, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

याउलट १९२३ चा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ पाहा. येथे ‘द रुपी’ म्हणजे खिशातला एखादा रुपया नव्हे, तर रुपया हे चलन. एकवचनी नामाला ‘द’ लावून संपूर्ण वर्गाचा बोध करून देण्याची ही इंग्रजीची रीत आहे. याच ग्रंथाच्या उपशीर्षकात ‘इट्स’ हा शब्द दोनदा आला आहे, ‘त्याचा उगम’ आणि ‘त्यावरील उपाय’ या अर्थाने. तेथे वरचा स्वल्पविराम नाही. ‘इट इज’ याचा संक्षेप असेल तरच ते चिन्ह येते. ‘त्याचे’ या अर्थी कधीही येत नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशी माणसेही येथे सर्रास चुकतात, म्हणून आपल्या मुलांनी त्याचे फार दडपण घेऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचा तो ‘द’, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या नावातला. विशेषनामापूर्वी ‘द’ लावू नये असा नियम मुलांनी पाठ केलेला असतो. मग बुद्धापूर्वी ‘द’ कसा, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारतोच. उत्तर असे, की बुद्ध हे नावच नाही. नाव सिद्धार्थ, गोत्रनाव गोतम. बुद्ध म्हणजे जागृत झालेला. ती अवस्था दर्शवणारी संज्ञा आहे. म्हणून ‘द बुद्ध’, परंतु ‘गौतम बुद्ध’ म्हटले की नाव जोडले गेल्याने ‘द’ गळतो. इतरत्र ‘बुद्ध’ हा शब्द उपपदावाचून लिहिलेलाही पुष्कळ आढळतो आणि तो अशुद्ध ठरवण्याचे कारण नाही. तथापि या ग्रंथनामातील ‘द’ गाळून कोणी लिहिले तर आम्ही ते दुरुस्त करतो. त्या तीन अक्षरी उपपदात तत्त्वज्ञान आहे: बुद्धत्व जन्माने मिळत नाही, ते प्राप्त करावे लागते. पुढे ‘हिज धम्म’ येथे ‘द’ का नाही? ‘हिज’, ‘माय’, ‘अवर’ हे शब्द उपपदाच्याच आसनावर बसतात. एका आसनावर दोघे बसत नाहीत.

निवासी शाळेतील मुलांसाठी आणखी एक. मूल शिकावयास जाते तेव्हा ‘गोज टु स्कूल’. त्याचे वडील मुख्याध्यापकांना भेटावयास येतात तेव्हा ‘केम टु द स्कूल’. इमारत तीच, परंतु पहिल्यात शिकणे महत्त्वाचे आहे, दुसऱ्यात ती जागा. वसतिगृहाला मात्र ही सवलत नाही. ‘आय लिव्ह इन हॉस्टेल’ हे चूक. ‘इन अ हॉस्टेल’ किंवा ‘इन द हॉस्टेल’ म्हणावे. ‘अ’ की ‘अ‍ॅन’ हे अक्षरावर नव्हे, उच्चारावर ठरते: ‘अ युनिव्हर्सिटी’, परंतु ‘अ‍ॅन एम. ए.’.

१९४५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथाच्या नावापाशी आम्ही वर्गात बराच वेळ थांबतो. ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स’. या एका नावात तीन धडे आहेत.

पहिला धडा ‘टु’ या शब्दाचा. ‘डन फॉर’ म्हटले असते तर ‘अस्पृश्यांसाठी काय केले’ असा अर्थ झाला असता. ‘डन टु’ म्हणजे ‘अस्पृश्यांचे काय केले’. ‘माझ्यासाठी काय केलेस?’ आणि ‘माझे काय केलेस?’ या दोन मराठी प्रश्नांत जे अंतर आहे, तेच येथे आहे. संपूर्ण ग्रंथाचा रोख त्या एका अव्ययात मावला आहे. शब्दयोगी अव्यये किरकोळ असतात, ती चुकली तरी चालतात, हा समज या उदाहरणाने दूर व्हावा. आपल्या मुलांच्या येथील चुका थेट मराठी प्रत्ययांतून येतात. गुरुजी माझ्यावर रागावले, म्हणून ‘अँग्री ऑन मी’. हवे ‘अँग्री विथ मी’. तिचे लग्न अमक्याशी झाले, म्हणून ‘मॅरिड विथ’. हवे ‘मॅरिड टु’. त्या विषयावर चर्चा केली, म्हणून ‘डिस्कस्ड ऑन’ किंवा ‘डिस्कस्ड अबाउट’. हवे नुसते ‘डिस्कस्ड’. यांना सर्वसाधारण नियम नाही. क्रियापद त्याच्या अव्ययासकट वहीत उतरवून ठेवणे, एवढाच मार्ग आहे.

दुसरा धडा ‘हॅव डन’ या काळाचा. ग्रंथ लिहिला गेला तेव्हा ते करणे संपलेले नव्हते. त्याचा परिणाम समोर होता. म्हणून पूर्ण वर्तमानकाळ. जेथे कालावधी संपलेला असतो, तारीख सांगितलेली असते, तेथे हा काळ चालत नाही. मराठीत ‘बाबासाहेबांनी १९३६ साली म्हटले आहे’ हे वाक्य निर्दोष आहे. त्याचे ‘हॅज सेड इन १९३६’ असे भाषांतर मात्र सदोष. ‘सेड इन १९३६’ असेच हवे. तसेच ‘मी काल मुंबईला गेलो होतो’. यातील ‘होतो’ मुलांना ‘हॅड’कडे ओढून नेतो आणि ते ‘आय हॅड गॉन टु मुंबई यस्टरडे’ असे लिहितात. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ केव्हा? दुसरी एखादी भूतकाळी घटना सांगायची असेल आणि हे जाणे तिच्याही आधीचे असेल तेव्हाच. एरवी साधे ‘आय वेन्ट’. आमच्या मते मराठी मुलांच्या लेखनातील अनावश्यक ‘हॅड’ एकदा काढून टाकले, तर त्यांचे इंग्रजी तेवढ्यानेच निम्मे सुधारेल.

तिसरा धडा शब्दक्रमाचा. प्रश्न असता तर ‘व्हॉट हॅव काँग्रेस अँड गांधी डन’ असा क्रम झाला असता. परंतु येथे तो प्रश्न नाही. ‘जे केले ते’ अशा अर्थाचे ते नामवाक्य आहे, म्हणून कर्ता आधी आणि क्रियापद नंतर. १९४६ चा शूद्रांविषयीचा ग्रंथ दोन्ही रचना शेजारी शेजारी ठेवतो. नाव प्रश्नार्थक आहे, ‘हू वेअर द शूद्राज?’, तेथे क्रियापद आधी. उपशीर्षक ‘हाउ दे केम टु बी’ अशा शब्दांनी सुरू होते, तेथे कर्ता आधी. मराठीत ‘स्टेशन कोठे आहे?’ आणि ‘स्टेशन कोठे आहे ते सांगा’ यांत क्रम बदलत नाही. म्हणून ‘टेल मी व्हेअर इज द स्टेशन’ ही चूक इतकी चिवट आहे. ‘टेल मी व्हेअर द स्टेशन इज’ हे म्हणताना प्रथम जीभ अडखळते, पंधरा दिवसांत सवय होते.

काळाचा विषय निघालाच आहे तर ‘पासून’चाही उलगडा करू. ‘मी २०१५ पासून येथे काम करतो’ आणि ‘मी दहा वर्षांपासून येथे काम करतो’. मराठीला एकच ‘पासून’ पुरतो आणि क्रियापद साध्या वर्तमानकाळात असते. इंग्रजी दोन भेद करते. आरंभाचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, कालावधी मोजायचा तर ‘फॉर’. शिवाय क्रियापद वर्तमानकाळात राहत नाही. ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स’ या वाक्यात म्हणून एक नव्हे, दोन चुका आहेत. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स’ हे शुद्ध. मुलाखतीत अनुभवाविषयीचा प्रश्न हटकून येतो आणि उत्तराचे पहिलेच वाक्य हे असते. म्हणून ते तोंडी बसवून घ्यावे. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ हेही असेच, ‘मला दोन भाऊ आहेत’ यातील ‘आहेत’चे ओझे. असणे, जाणणे, आवडणे, समजणे या स्थिती आहेत, कृती नव्हेत. त्यांना सहसा ‘इंग’ लागत नाही. ‘आय हॅव’, ‘आय नो’, ‘आय अंडरस्टँड’.

संविधानाच्या अनुच्छेद १७ मधील क्रियापदाकडेही आम्ही मुलांचे लक्ष वेधतो. कायद्याच्या इंग्रजीत ‘शॅल’ हा शब्द पावलोपावली भेटतो. तो बंधन सांगतो, आणि ‘मे’ मुभा सांगतो. परंतु अस्पृश्यता नष्ट करताना तेथे ‘शॅल बी’ नाही, ‘इज अबॉलिश्ड’ आहे. भविष्यात कधी तरी नष्ट होईल असे नव्हे, तर हे वाक्य अमलात येताक्षणी ती नष्ट झाली. साधा वर्तमानकाळ, आणि कर्मणी प्रयोग. पुढच्या वाक्यात, अस्पृश्यतेतून उद्भवणारी निर्योग्यता लादणे हा गुन्हा ठरवताना, ‘शॅल बी’ येतो, कारण तो पुढील काळासाठीचा नियम आहे. संविधान सभेने ही तरतूद २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारली. काळ आणि प्रयोग हे केवळ परीक्षेतील गुणांचे विषय आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचावीत.

आपल्या मुलांना एक गोष्ट इतरांपेक्षा सोपी जावयास हवी, ती पालीमुळे. रोज सकाळी त्रिशरण म्हणताना ‘गच्छामि’ हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी येतो. त्यातला ‘मि’ म्हणजे मी. ‘तो जातो’ असे म्हणायचे तर ‘गच्छति’, ‘आम्ही जातो’ असे म्हणायचे तर ‘गच्छाम’. प्रत्ययच कर्ता सांगतो, म्हणून वेगळे सर्वनाम नसले तरी चालते. मराठीतही ‘येतो’, ‘जाते’ एवढेच पुरते. इंग्रजीने असे प्रत्यय जवळजवळ सारे गमावले. म्हणून तिला कर्ता गाळता येत नाही. पाऊस पडत असला तरी कोणी तरी कर्ता लागतो, म्हणून ‘इट इज रेनिंग’. वर्तमानकाळात एकच प्रत्यय उरला, तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘स’. नेमका तोच आपली मुले विसरतात: ‘माय फादर वर्क इन फॅक्टरी’. गच्छतितला ‘ति’ आठवा, म्हणजे ‘वर्क्स’मधला ‘स’ आठवेल, असे आम्ही सांगतो. मात्र ‘डझ’ किंवा ‘डिड’ आले की प्रत्ययाचे काम त्यांनी केलेले असते; मग ‘डझ ही वर्क’, ‘ही डिडन्ट गो’. ‘डिडन्ट वेन्ट’ नव्हे. इंग्रजीतील ‘अ‍ॅम’ हा संस्कृतातील ‘अस्मि’चा आणि ‘इज’ हा ‘अस्ति’चा दूरचा नातलग आहे, हे सांगितले की मुलांचे डोळे चमकतात. परीक्षेत त्याचा उपयोग नाही, परंतु भाषा परकी वाटेनाशी होते.

आदराच्या प्रश्नाला वेगळे स्थान द्यावयास हवे. मराठीत ‘बाबासाहेब म्हणाले’, ‘ते आले’ असे आदरार्थी बहुवचन आहे. इंग्रजीत ते नाही. कित्येक विद्यार्थी ‘बाबासाहेब वेअर बॉर्न’ असे लिहितात. बाबासाहेबांना ‘ही’ म्हणण्यास त्यांचे मन धजत नाही. त्या संकोचामागील भावना आम्हांस आदरणीय वाटते, परंतु इंग्रजीत ‘ही वॉज बॉर्न’ यात यत्किंचितही अनादर नाही. ‘यू’चे याच्या उलट आहे. तू, तुम्ही, आपण या तिन्हींसाठी इंग्रजीत आज एकच शब्द उरला आहे. ज्या वडीलधाऱ्यांना गावात पोरासोरांकडूनही अरेतुरे ऐकून घ्यावे लागले, त्यांच्या नातवंडांना या भाषेत जिल्हाधिकारी आणि शिपाई यांना एकच सर्वनाम लागते याचा आनंद वाटला तर नवल नाही. पण म्हणून या भाषेत आदर नाही असे समजू नये. तो क्रियापदात जाऊन बसला आहे. ‘रजा द्या’ यातील आदर ‘द्या’मध्ये असतो; ‘गिव्ह मी लीव्ह’ असे भाषांतर करताच तो गळून पडतो आणि नुसता हुकूम उरतो. ‘कुड यू’, ‘मे आय’, ‘आय वुड बी ग्रेटफुल’ ही इंग्रजीची ‘द्या’ आणि ‘यावे’ आहेत. अनेक सालस मुले इंग्रजीत उद्धट ठरतात ती केवळ हे न शिकवल्यामुळे.

‘वी’ या शब्दाबाबत मराठी अधिक संपन्न आहे. ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’, त्याला सामावून ‘आपण’. इंग्रजीत दोन्हींना ‘वी’. संविधानाच्या उद्देशिकेच्या प्रारंभीच्या ‘वी’चे मराठीत ‘आम्ही’ झाले आहे. ते आम्हांस योग्य वाटते, कारण ती घोषणा आहे आणि घोषणा करणारे सर्वच आहेत. वगळण्यासाठी समोर कोणी उरलेलाच नाही. मराठीतून इंग्रजीत येताना अडचण नसते. इंग्रजीतून मराठीत जाताना मात्र ‘वी’ भेटला की क्षणभर थांबून बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे पाहावे.

आता ज्या चुकीचे मोल सर्वांत अधिक पडते तिच्याकडे येतो. ती लेखनात दिसत नाही, म्हणून वर्गात तिच्याकडे दुर्लक्ष होते. नकारार्थी प्रश्नाचे उत्तर देताना ती होते. कार्यालयात विचारले जाते, ‘हॅवन्ट यू सबमिटेड द सर्टिफिकेट?’ म्हणजे, ‘तुम्ही प्रमाणपत्र जोडले नाही का?’ मराठी माणूस पुष्कळदा ‘हो’ म्हणतो. अर्थात, ‘हो, तुम्ही म्हणता ते खरे, जोडलेले नाही.’ आपण प्रश्नकर्त्याच्या समजुतीला दुजोरा देतो. इंग्रजीत तसे नाही. तेथे ‘येस’ म्हणजे ‘येस, आय हॅव’, जोडले आहे. समोरचा माणूस तसेच समजतो, तशी नोंद करतो, आणि अर्ज अपुरा निघाला की उमेदवार खोटे बोलला असे ठरते. मुलगा म्हणतो, मी खरेच सांगितले होते. दोघेही आपापल्या व्याकरणाने खरे असतात. जातीचे प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला या कागदांशी ज्यांचे शिक्षण बांधलेले आहे, त्यांच्यासाठी ही बारकाईची चर्चा नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तर एका ‘येस’ने साक्ष उलटी होऊ शकते. उपाय असा: प्रश्नातील ‘नॉट’ ऐकूच आला नाही असे समजावे आणि वस्तुस्थितीप्रमाणे उत्तर द्यावे. जोडले असेल तर ‘येस, आय हॅव’, नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट’. नुसते ‘येस’ वा ‘नो’ कधीही म्हणू नये. मागे क्रियापद जोडावेच. ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ हा त्याचाच भाऊबंद. ‘येथे बसलो तर तुमची हरकत आहे का?’ अशा प्रश्नाला आपण सौजन्याने ‘येस, येस’ म्हणतो, आणि हरकत आहे असा अर्थ होतो. तेथे ‘नॉट अ‍ॅट ऑल’ म्हणावे.

काही प्रयोग मात्र आम्ही चूक मानत नाही. ‘प्रीपोन’ हा शब्द आपल्या देशात रूढ झाला आणि आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. ‘तो येथेच आहे’ यातील ‘च’साठी आपण ‘हिअर ओन्ली’ म्हणतो. घरगुती बोलण्यात ते चालावे, अर्जात नसावे. माजी विद्यार्थ्यांना मात्र एक विनंती. या अंकासाठी आपला परिचय इंग्रजीत लिहिताना ‘आय पास्ड आउट फ्रॉम धिस स्कूल’ असे पुष्कळ जण लिहितात. भारताबाहेरच्या वाचकाला, लष्करी प्रबोधिनीचा संबंध नसेल तर, आपण शाळेत मूर्च्छित पडला होता असे वाटेल. ‘आय स्टडिड हिअर’ किंवा ‘आय फिनिश्ड स्कूल हिअर’ असे लिहावे.

राहता राहिला अर्ज. इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांत रूढ झालेला एक नमुना आपल्याकडे अजून वहीतून वहीत उतरत आला आहे. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हम्बल सबमिशन आय बेग टु स्टेट’. ‘बेग’ म्हणजे भीक मागणे. हा केवळ औपचारिक शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ घेऊ नये, असे म्हणता येईल. तरीही आमच्या वर्गात तो चालत नाही. शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणारा विद्यार्थी नियमाने मिळणारे मागतो आहे. तेथे याचनेचे क्रियापद व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले तरी अर्थदृष्ट्या चूक आहे. ‘आय अ‍ॅम रायटिंग टु अप्लाय फॉर द स्कॉलरशिप’ एवढे पहिले वाक्य पुरते. त्यानंतर आपण कोणत्या वर्गात आहोत, कोणत्या नियमान्वये पात्र आहोत आणि कोणती कागदपत्रे जोडली आहेत हे तीन छोट्या वाक्यांत लिहावे. ‘काइंडली डू द नीडफुल’ हे गाळून नेमके काय करावयाचे ते स्पष्ट सांगावे: ‘प्लीज लेट मी नो बाय’ आणि पुढे तारीख. ‘युवर ओबीडियंट स्टुडंट’ची गरज नाही. आरंभी ‘डिअर सर ऑर मॅडम’ लिहिले असेल तर शेवटी ‘युवर्स फेथफुली’, अधिकाऱ्याचे नाव लिहिले असेल तर ‘युवर्स सिन्सिअरली’. आणि ‘युवर्स’मधील ‘स’च्या आधी, रुपयाच्या ग्रंथावरील ‘इट्स’प्रमाणेच, वरचा स्वल्पविराम नाही.